काजव्यांच्या फोटोतला नॉइज (नको असलेले दाणे, ठिपके) काढायला जावं तर काजवेच जातात. चांगलं डिनॉइज कुठलं?

कंदील_विझवा

मंडळी, मेअखेरचे काजव्यांचे फोटो सध्या प्रोसेस करतोय. जागा भंडारदऱ्याच्या बाजूची, झाडं हिरडा आणि सादड्याची. सेटिंग्ज अशी: फुल फ्रेम २४ मेगापिक्सेल, ३५ मिमी लेन्स, एफ १.८, आयएसओ ३२००, २० सेकंद, एकूण ४० फ्रेम्स, सगळ्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइल्स). कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. चंद्र नव्हता. ट्रायपॉड हललेला नाही.

चाळीसही फ्रेम्स फोटोशॉपमध्ये 'लायटन' मोडवर एकावर एक टाकल्या, तर काजवे झकास दिसतात. पण सोबत तांबडे, निळे, हिरवे टोकदार ठिपके शेकड्यांनी येतात आणि झाडाखालचा काळोख राखाडी, खरबरीत होतो. म्हणजे ४० फ्रेम्सचा स्टॅक एका फ्रेमपेक्षा घाण दिसतो. स्टॅक केला की नॉइज कमी होतो असंच सगळीकडे वाचलंय.

मग प्रत्येक रॉ फाइलवर आधी एआय डिनॉइज चालवलं, स्लायडर ५० वर. काळोख स्वच्छ झाला, ठिपके गेले, पण त्यांच्याबरोबर मंद काजवेही गेले. जवळचे ठळक तेवढे उरले, मागच्या झाडावरची बारीक बुंदी साफ. पानं मेणाची वाटतात. स्लायडर २० वर आणला की काजवे परत येतात आणि ठिपकेही.

माझा सरळ प्रश्न: काजवा आणि नॉइज यातला फरक ओळखणारं सॉफ्टवेअर आहे का? पैसे मोजायची तयारी आहे, पण नुसतं ब्रँड बदलून उपयोग होणार असेल तरच.

दोन_स्टॉप_खाली

लाइटरूमचं डिनॉइज असेल तर ३० ते ३५ वर ठेवून बघा. नाहीतर डीएक्सओचं डीपप्राइम ट्रायल उतरवून घ्या, काळोखातला पोत ते जास्त राखतं. दोन्ही रॉवरच चालतात, स्टॅक करून टिफ केल्यावर नाही, त्यामुळे क्रम तुमचा बरोबर आहे: आधी डिनॉइज, मग स्टॅक.

जुनाट_ट्रायपॉड

क्रम बरोबर, पण ब्रँड बदलून हा प्रश्न सुटायचा नाही. इथे दोन वेगळ्या भानगडी एकात मिसळल्या आहेत, त्या आधी सोडवू.

पहिली, स्टॅकची. 'स्टॅक केला की नॉइज कमी होतो' हे सरासरीला किंवा मीडियनला (चढत्या क्रमातल्या मधल्या किमतीला) लागू आहे. चाळीस फ्रेम्सची सरासरी काढली तर नॉइज चाळिसाच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण सव्वासहा पटीने उतरतो. 'लायटन' सरासरी काढत नाही. तो प्रत्येक जागी चाळिसांतला सर्वांत उजळ पिक्सेल उचलतो. नॉइज म्हणजे खऱ्या किमतीच्या वर-खाली होणारी थरथर. चाळीस वेळा थरथरलेल्यातली सगळ्यात वरची उसळी तुम्ही दर पिक्सेलला निवडताय. हिशेबाने ही उसळी सरासरी २.१६ प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे थरथरीचं नेहमीचं माप) येते. काळोख राखाडी होतो तो यामुळे. १०० फ्रेम्स घेतल्या तर ती २.५ होईल, म्हणजे फ्रेम्स वाढवल्या की काळोख आणखी उजळतो. हॉट पिक्सेलचंही (प्रकाश नसताना उगाच उजळणाऱ्या पिक्सेलचंही) तसंच: एखादा पिक्सेल चाळिसांपैकी एकाच फ्रेममध्ये चमकला तरी 'लायटन'मध्ये तो कायमचा बसला.

दुसरी भानगड डिनॉइजची. कुठलंही डिनॉइज, जुनं असो वा एआयवालं, एक फोटो हातात घेऊन अंदाज बांधतं. अंधाऱ्या भागात दोन-तीन पिक्सेलांचा एकटा उजळ ठिपका, आजूबाजूला काही नाही, तर तो कचरा. निम्म्याहून जास्त फोटोंत हा अंदाज खरा निघतो, म्हणून तर ती चालतात. काजव्यांच्या फोटोत मात्र विषयच अंधारातला एकटा उजळ ठिपका आहे. त्यात कित्येक रॉ प्रोग्रॅम एकटे पडलेले हॉट पिक्सेल तुम्हाला न विचारताच पुसतात. अडोबीचा कॅमेरा रॉ हे आपोआप करतो, त्याचं बटणच नाही. तेव्हा मंद काजव्यांना दोनदा कात्री लागते.

३०० टक्के झूम करून बघा, डोळ्याला फरक लगेच कळेल. हॉट पिक्सेल सेन्सरवरच्या एकाच घराचा (म्हणजे एका पिक्सेलचा) असतो. त्या घरावर तांबडा, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर असतो, त्यामुळे रंग भडक आणि शुद्ध दिसतो, आणि डिमोझेक (एकरंगी घरांवरून पूर्ण रंगीत चित्र बनवणं) झाल्यावर तो अधिक चिन्हासारखा शेजारी सांडतो. कडा टोकदार. काजव्याचा प्रकाश लेन्समधून आलेला असतो, तो एका घरात मावत नाही. एफ १.८ वर थोडाही फोकसबाहेर असला तर चार ते पंधरा पिक्सेल व्यापतो. रंग पिवळट हिरवा, म्हणजे हिरवा आणि तांबडा दोन्ही चॅनेल भरलेले आणि निळा सर्वांत कमी. कडा मऊ.

तिसरा फरक सगळ्यात पक्का, आणि तो एका फोटोत दिसतच नाही: हॉट पिक्सेल चाळीसही फ्रेम्समध्ये त्याच घरात असतो, लेन्सला टोपण लावलं तरी असतो. काजवा येतो आणि जातो. तुम्ही जे शोधताय ती माहिती चाळीस फ्रेम्समध्ये पसरलेली आहे, आणि डिनॉइजला तुम्ही एकेक फ्रेम दाखवताय. त्याने ओळखायचं कशावरून?

कंदील_विझवा

२.१६ वाला मुद्दा डोक्यात लख्ख शिरला, आभार. मग लायटन नकोच का? मीडियन केला तर काजवे सगळेच जातील ना?

जुनाट_ट्रायपॉड

जातील, आणि तेच हवंय. मीडियनमधून काजवे गेलेली स्वच्छ पार्श्वभूमी मिळते. 'मॅक्सिमम'मधून (तो लायटनसारखाच सर्वांत उजळ पिक्सेल उचलतो) काजवे अधिक कचरा मिळतो. एकातून दुसरं वजा केलं की उरतात ते काजवे. पार्श्वभूमीचा नॉइज वेगळा काढायचा, काजव्यांचा वेगळा. पायऱ्या लिहितो. आकडे ८-बिट मापात, म्हणजे ० ते २५५ मध्ये दिले आहेत, फाइल मात्र १६-बिटच ठेवा.

१. रॉमधून सगळ्या फ्रेम्स एकाच सेटिंगने १६-बिट टिफ करा. व्हाइट बॅलन्स ऑटो नको, एक आकडा ठरवून सगळ्यांना द्या. शार्पनिंग शून्य. ल्युमिनन्स नॉइज शून्य, कलर नॉइज १५-२० चालेल. शॅडोज, क्लॅरिटी, डीहेझ यांना हात लावू नका: हे स्लायडर चित्र बघून आपला जोर बदलतात, ज्या फ्रेममध्ये काजवे जास्त तिथे काळोखाची पातळी वेगळी येते आणि वजाबाकी फसते. लेन्स करेक्शनही बंद. ते पिक्सेल ताणून बसवतं, त्यात एका घराचा हॉट पिक्सेल चार घरांत पसरतो आणि अगदी काजव्यासारखा मऊ दिसायला लागतो. करेक्शन शेवटी करा.

२. फोटोशॉपमध्ये फाइल, स्क्रिप्ट्स, स्टॅटिस्टिक्स. एकदा 'मीडियन' निवडून सेव्ह करा, एकदा 'मॅक्सिमम' निवडून. मेमरीचा अंदाज: २४ मेगापिक्सेलची १६-बिट फ्रेम १४४ एमबी होते, चाळीस म्हणजे पावणेसहा जीबी नुसत्या चित्रांचे. ८ जीबीच्या मशीनवर दहा-दहाचे गट करा. मॅक्सिममचा मॅक्सिमम बरोबरच येतो. मीडियनचा मीडियन तंतोतंत नसतो, पण इथे चालून जातो.

३. मॅक्सिमम खाली, मीडियन वर, वरच्या लेयरचा मोड 'सबट्रॅक्ट'. दोन्ही एकत्र करून नवा लेयर. हा वजाबाकीचा लेयर. तो पूर्ण काळा नसणार, एकसारखा करडा दिसेल: तीच ती २.१६ वाली उसळी. काजवे नसलेला काळोखाचा चौकोन निवडा आणि हिस्टोग्राम पॅनेलमध्ये 'मीन' वाचा. समजा ९ आला.

४. त्या लेयरची प्रत काढा, प्रतीवर गॉशियन ब्लर १.५ पिक्सेल, मग थ्रेशोल्ड (ठरवलेल्या आकड्याच्या वरचं पांढरं, खालचं काळं). सुरुवात ९ च्या तीन-चार वर, म्हणजे १२-१३ पासून करा. ब्लर आधी का? नॉइजची उसळी एकेका पिक्सेलची असते. दीड पिक्सेलच्या ब्लरमध्ये एकट्या पिक्सेलची उंची चौदाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे २० ची उसळी एक-दीडवर. काजवा जोडून बसलेल्या पिक्सेलांचा असल्याने तेवढा पडत नाही. डिनॉइज जो फरक करू शकत नाही, तो इथे साधा ब्लर करतो.

५. आता हा काळा-पांढरा मास्क तीन पिक्सेलने फुगवा (फिल्टर, अदर, मॅक्सिमम, ३) आणि दोन पिक्सेलने मऊ करा. वजाबाकीच्या मूळ लेयरला लावा. त्याच लेयरच्या लेव्हल्समध्ये काळा बिंदू ९ वर आणा, नाहीतर प्रत्येक काजव्याभोवती करडी टिकली उमटते.

६. हा लेयर मीडियनच्या पार्श्वभूमीवर 'लिनियर डॉज' मोडने. स्क्रीन मोडही चालतो, पण ठळक काजवे त्यात किंचित बसके होतात.

मीडियनची पार्श्वभूमी एका फ्रेमच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच खरबरीत असते. तिला एआय डिनॉइज लागतच नाही. रंगाचे डाग असले तर हलका कलर नॉइज पुरे. मेणाची पानं हा विषय तिथेच संपतो.

एक सावधानी: चौदाव्या हिश्श्याचं गणित हॉट पिक्सेलला वाचवतं. २०० उंचीचा हॉट पिक्सेल ब्लरनंतरही १४ वर उभा राहतो, म्हणजे थ्रेशोल्डच्या सहज वर. जो चाळीसही फ्रेम्समध्ये एकसारखा जळतो तो वजाबाकीत जाईल. अधूनमधून लुकलुकणारा जाणार नाही. म्हणून हॉट पिक्सेल आधीच काढायला हवेत, डिमोझेकच्याही आधी.

मध्यगा

वाखू (वाचनखूण) साठवली. शेवटच्या मुद्द्यापासून पुढे लिहिते, आणि फुकटातलं लिहिते.

हॉट पिक्सेल काढायची सर्वांत प्रामाणिक रीत म्हणजे डार्क फ्रेम. लेन्सला टोपण, व्ह्यूफाइंडरही झाकलेला, तोच आयएसओ, तेवढाच शटर, आणि शक्यतो तेच तापमान. काजवे टिपून झाल्यावर लगेच, सेन्सर गरम असतानाच दहा-पंधरा काढायच्या. घरी येऊन पंख्याखाली काढलेल्या तितक्या जुळत नाहीत, कारण सेन्सरचा डार्क करंट (अंधारातही उष्णतेने साठणारा खोटा उजेड) साधारण दर सहा ते आठ अंशांना दुप्पट होतो. मेमधली रात्र आणि जुलैमधली रात्र यांच्या डार्क फ्रेम्स एकमेकींच्या जागी वापरू नका.

रॉथेरपी या फुकट रॉ प्रोग्रॅममध्ये प्रेफरन्सेसमध्ये डार्क फ्रेम्सचा फोल्डर दाखवून ठेवा. मग रॉ टॅबमध्ये 'डार्क-फ्रेम' खाली 'ऑटो-सिलेक्शन'वर खूण करा. कॅमेरा, आयएसओ आणि शटर जुळणाऱ्या फ्रेम्स तो आपणच शोधतो. तिथलाच हॉट पिक्सेल फिल्टर मात्र बंद ठेवा, कारण तो एका फोटोवरून अंदाज बांधणारा आहे, वर सांगितलेलाच रोग. डिमोझेकमध्ये अमेझऐवजी एलएमएमएसई किंवा आयजीव्ही निवडा, या दोन पद्धती जास्त आयएसओसाठीच आहेत. अमेझ नॉइजमध्ये नसलेल्या रेषा आणि चक्रव्यूह काढून ठेवतो. कॅप्चर शार्पनिंग बंद. मग १६-बिट टिफ.

डार्क फ्रेम्स काढायच्या राहिल्या असतील (कंदील_विझवा, तुमच्या राहिल्याच असणार, यादीत दिसत नाहीत) तर खराब पिक्सेलांची यादी हाताने देता येते. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये दर ओळीला एका पिक्सेलचे आडवे-उभे स्थान लिहायचे. फाइलच्या नावात कॅमेऱ्याची कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि शेवटी टिंब देऊन 'बॅडपिक्सेल्स' हे एक्स्टेन्शन. फाइल डार्क फ्रेम्सच्याच फोल्डरात. पन्नास-साठ ठळक पिक्सेलांपुरतं हे जमतं, शेकड्यांनी असतील तर कंबर मोडते.

डार्कटेबल हा दुसरा फुकट रॉ प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी: त्यात डार्क फ्रेम वजा करायची सोय नाही. 'हॉट पिक्सेल्स' मॉड्यूल आहे, डिमोझेकच्या आधी चालतं. त्यात 'मार्क फिक्स्ड पिक्सेल्स'वर खूण केली की कुठले पिक्सेल पुसले ते फोटोवरच दिसतं. ही सोय प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असायला हवी, राव. खुणा काजव्यांवर पडायला लागल्या की थ्रेशोल्ड वाढवा. 'डिटेक्ट बाय थ्री नेबर्स' बंदच राहू द्या, त्याने चारऐवजी तीनच शेजारी अंधारे असले तरी पिक्सेल पुसला जातो, आणि बारीक काजव्याचा गाभा नेमका तसाच असतो.

डार्कटेबलमध्ये एकाच फ्रेमवर काम भागवायचं असेल तर 'डिनॉइज प्रोफाइल्ड' वेव्हलेट्स मोडमध्ये घ्या, रंग आणि उजेड वेगळा करणारा पर्याय निवडा, रंगाचा नॉइज मनसोक्त काढा, उजेडाचा अगदी थोडा. मग पॅरामेट्रिक मास्कने (पिक्सेलच्या किमतीवरून निवड करणाऱ्या) उजळ पिक्सेल वगळा आणि मास्क दोन-तीन पिक्सेलने मऊ करा. मॉड्यूलमध्ये प्रोफाइलच्या जागी 'जेनेरिक' दिसत असेल तर तुमच्या कॅमेऱ्याचं मोजमाप त्यात नाही. मग जोर हाताने जुळवावा लागेल.

मीडियन आणि मॅक्सिमम फुकटात काढायला सिरिल किंवा इमेजमॅजिक. सिरिल ताऱ्यांसाठी लिहिलेलं आहे, त्याच्या स्टॅकिंग टॅबमध्ये दोन्ही पद्धती आहेत. ताऱ्यांवरून फ्रेम्स जुळवायची पायरी तेवढी टाळायची, नाहीतर आकाश जुळेल आणि झाड फिरेल. इमेजमॅजिकमध्ये 'इव्हॅल्युएट-सीक्वेन्स' हा पर्याय, एका ओळीचं काम. वजाबाकी, ब्लर आणि थ्रेशोल्ड गिंपमध्ये होतात.

रातकिडा_आयएसओ

मीडियनच्या पद्धतीत एक खड्डा आहे, तो कुणी सांगितला नाही.

मीडियन काजव्याला तेव्हाच पुसतो जेव्हा त्या जागी तो निम्म्याहून कमी फ्रेम्समध्ये चमकलेला असतो. उडणाऱ्या काजव्यांना हे लागू आहे. झाडावर बसून लुकलुकणाऱ्यांना नाही. हिरडा-बेहड्यावर थवा बसलेला असतो तेव्हा एकच काजवा एकाच पानावर बराच वेळ असतो आणि २० सेकंदांत कितीतरी वेळा चमकतो. तो जवळपास प्रत्येक फ्रेममध्ये, त्याच पिक्सेलांवर. मीडियन त्याला पार्श्वभूमी समजतो, वजाबाकीत तो नाहीसा होतो. शेवटी पार्श्वभूमीवर जोडल्यामुळे तो दिसतो खरा, पण पार्श्वभूमीला जोरदार डिनॉइज दिलंत की तिथून पुसला जातो. शिवाय 'प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी' ही हॉट पिक्सेलची खूण इथे खोटी ठरते. तेव्हा डार्क फ्रेमशिवाय गत्यंतर नाही. स्टॅकमधलीच माहिती वापरून हॉट पिक्सेल शोधणारी हुशारी करायला जाल तर झाडच विझवाल.

उपाय शटरमध्ये आहे. २० सेकंद कशासाठी? काजव्याची एक चमक सेकंदाच्या आत संपते. शटर १० सेकंद उघडा राहो की ३०, त्या एका चमकेचा ठिपका तेवढाच उजळ येणार. तो ठरतो अॅपर्चर आणि आयएसओवर. शटर वाढवल्याने उजळतं ते आकाश आणि झाड, वाढतो तो डार्क करंट, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा नॉइज. प्रकाशाची थरथर प्रकाशाच्या वर्गमुळाइतकी असते: १०० फोटॉन आले तर वर-खाली १०. पार्श्वभूमी दुप्पट उजळ केली की तिची थरथर १.४ पट झाली आणि काजवा होता तिथेच. मंद काजवे बुडतात ते असे.

म्हणून एफ १.४ ते १.८, आयएसओ १६०० ते ३२००, शटर ६ ते १० सेकंद, आणि फ्रेम्स शंभरच्या पुढे. बसलेला काजवाही मग काही फ्रेम्समध्ये गैरहजर राहण्याची शक्यता वाढते. पार्श्वभूमी काजव्यांच्या फ्रेम्समधून काढायचीच नाही: ट्रायपॉड लावून झाला की संधिप्रकाशातच एफ ५.६, आयएसओ १०० वर, शटर लागेल तेवढा, अशा पाच-सहा फ्रेम्स काढून ठेवा. फोकस रिंगला चिकटपट्टी लावा. तेव्हा पानं जवळपास बिननॉइजची मिळतात. मेअखेरीस वळवाचा वारा सुटला की चाळीस फ्रेम्सच्या मीडियनमध्ये शेंड्यांचा चिखल होतो, तोही टळतो.

लाइव्ह व्ह्यू बंद ठेवा, सेन्सर उगाच तापतो. ऑटोफोकसचा मदतीचा दिवा बंद, कार्डच्या लाल दिव्यावर काळी पट्टी, स्क्रीनचा उजेड किमान. हे फोटोसाठी कमी आणि काजव्यांसाठी जास्त: उजेडाने त्यांचा एकमेकांना दिलेला इशारा बिघडतो. टॉर्च मारून झाड 'रंगवणाऱ्यांबद्दल' इथे लिहीत नाही, शिव्या चालत नाहीत.

दोन_स्टॉप_खाली

रातकिडा, शटरचं पटलं. पण मग कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू का करायचं नाही? तेही डार्क फ्रेमच वजा करतं, तापमान तंतोतंत तेच.

रातकिडा_आयएसओ

करतं, पण प्रत्येक फ्रेममागे तेवढाच वेळ कॅमेरा आंधळा होतो. १० सेकंदांच्या फ्रेमनंतर १० सेकंद टोपण. अर्धी रात्र गेली, आणि उडणाऱ्या काजव्याची ओळ मध्येच तुटते. शिवाय ती एकच डार्क फ्रेम असते, तिचा स्वतःचा नॉइज तुमच्या फोटोत मिसळतो. पंधरांची सरासरी केव्हाही बरी. आणखी एक: काही जुन्या मिररलेस बॉडी काही सेकंदांपुढच्या शटरला रॉमध्येच एकटे ठिपके गाळतात, मेनूत सगळं बंद असलं तरी. ताऱ्यांचे फोटो काढणारे याच्यावर बरेच चिडलेले आहेत. तुमच्या बॉडीत तसं आहे का हे तपासायला त्याच आकाशाचे २ सेकंद आणि ८ सेकंद असे दोन फोटो घ्या. आठवाल्यात बारीक तारे कमी दिसले तर मंद काजवेही तिथेच जात असणार, आणि त्याला कुठलंच सॉफ्टवेअर औषध नाही.

पाऊलवाट२

मोबाइलवाल्यांसाठी काही? नाइट मोडमध्ये झाड छान येतं, काजवा एकही नाही.

मध्यगा

नाइट मोड अनेक छोट्या फ्रेम्स जोडतो आणि मुख्य फ्रेमशी न जुळणारं जे काही असेल ते हललेलं समजून टाकून देतो. काजवा कधीच जुळत नाही. प्रो मोड घ्या, रॉ चालू, फोन टेकवून ठेवा, शटर १० सेकंद, आयएसओ ८०० ते १६००. मग वरच्याच पायऱ्या. फोनचा सेन्सर बारीक आणि तापणारा, त्यामुळे डार्क फ्रेम इथे जास्तच गरजेची. टोपण नसतं, फोन काळ्या कापडात गुंडाळा.

कंदील_विझवा

जुन्याच ४० फ्रेम्सवर करून पाहिलं. डार्क फ्रेम्स नव्हत्याच, बरोबर ओळखलंत. ६४ पिक्सेलांची यादी हाताने केली. थ्रेशोल्ड शेवटी १४ वर स्थिरावला. मागच्या झाडावरची बुंदी आली आणि काळोख काळा राहिला.

दोन शंका. एक, डार्क फ्रेमची वजाबाकी रॉवरच करायची सोय लाइटरूमसारख्या प्रोग्रॅममध्ये का नाही? लाइटरूमचं एआय डिनॉइज येऊनही (एप्रिल २०२३) इतका काळ लोटला, तरी स्वतःची डार्क फ्रेम द्यायची जागा त्यात नाही. दोन, मोठ्या स्क्रीनवर चांगलं दिसणारं चित्र २०४८ पिक्सेलवर छोटं केलं की मंद काजवे पुन्हा गायब.

जुनाट_ट्रायपॉड

पहिलीचं उत्तर: मागणी मांडणारे 'डिनॉइज सुधारा' एवढंच लिहितात, त्यावर कुणी काय करणार? तीन गोष्टी नेमक्या मागा. वापरणाऱ्याने दिलेली डार्क फ्रेम डिमोझेकच्या आधी वजा व्हावी. डिनॉइजला मास्क लावता यावा, म्हणजे या भागाला हात लावू नकोस असं सांगता यावं. आणि पुसलेले पिक्सेल रंगवून दाखवणारा पर्याय असावा. सोबत पाच रॉ फ्रेम्स, एक डार्क फ्रेम आणि ३०० टक्क्यांचा आधी-नंतरचा तुकडा जोडा. डार्कटेबल आणि रॉथेरपी यांचे कोड उघडे आहेत, तिथे अशी नोंद वाचली तरी जाते.

दुसरीचं: ६००० पिक्सेल रुंदी २०४८ वर आणताना जवळपास साडेआठ पिक्सेलांचा एक होतो. चार पिक्सेलांच्या काजव्यात निम्मा काळोख मिसळला, तो निम्मा विझला. लेयर एकत्र करण्याआधी काजव्यांच्या लेयरवरच मॅक्सिमम फिल्टर १ पिक्सेलने चालवा, मग छोटं करा. छोटं करताना 'बायक्युबिक शार्पर' नको, ठळक काजव्यांभोवती काळी कडी येते. जेपेग करताना क्रोमा सबसॅम्पलिंग (फाइल लहान करायला रंगाचा तपशील कमी करणं) बंद, गिंपमध्ये तो पर्याय निर्यातीच्या खिडकीतच आहे. चालू राहिलं तर पिवळट हिरवा रंग शेजारच्या काळोखात मुरतो आणि काजवे पांढुरके दिसतात. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलंत तर तिथे पुन्हा दाबला जातो.

आणि १४ थ्रेशोल्डवर काठाला थोडे ठिपके उरले असतील, कोपऱ्यात बघा. व्हिनेटिंग करेक्शन (अंधारे कोपरे उजळणारं) शेवटी लावाल तेव्हा तेच आधी वर येतील.

कंदील_विझवा

उजव्या खालच्या कोपऱ्यात अकरा सापडले. यादीत घालतो.